ठोक माफी आणि नगानगाचा हिशेब : स्टीफन ग्लास प्रकरण

२०१५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या 'हार्पर्स' मासिकाने एक लेख मागे घेतला. टेलिफोनवरून भविष्य सांगणाऱ्यांच्या धंद्यावरचा तो लेख फेब्रुवारी १९९८ च्या अंकात आला होता. ७,९०२ शब्दांपैकी किमान ५,६४७ शब्द बनावट मजकुरावर उभे आहेत, असं मासिकाने जाहीर केलं. १६५ वर्षांत त्यांनी रीतसर मागे घेतलेला हा पहिलाच लेख. आणि तो मागे घेतला गेला तो खुद्द लेखकाच्या पत्रामुळे. पत्रासोबत १०,००० डॉलरचा चेक होता. त्या लेखाचं मिळालेलं मानधन तो परत करत होता.

लेखकाचं नाव स्टीफन ग्लास. त्याची लबाडी उघडकीला आली मे १९९८ मध्ये, म्हणजे हा लेख छापून येऊन जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हा. मग लेख मागे घ्यायला सतरा वर्षं का लागली?

ग्लासवर आजवर खूप लिहिलं गेलं, चित्रपटही निघाला. त्यात सगळा भर तो पकडला कसा गेला यावर असतो. ती हकिगत रंजक आहे आणि इथेही सांगायला हवी, कारण तिच्यात संपादनाच्या कामाचे धडे आहेत. पण खोट्यावर कमावलेलं नाव गळून पडल्यावर माणसाने पुढे काय करायचं असतं, कोणत्या क्रमाने करायचं असतं आणि त्यात चूक कुठे होते, हे पाहायचं असेल तर पकडल्यानंतरची वर्षं जास्त महत्त्वाची. त्या वर्षांची कागदोपत्री छाननी शेवटी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने केली, त्यामुळे अंदाजावर विसंबावं लागत नाही.

खोटं रचण्याची पद्धत

ग्लासचा जन्म १९७२ चा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा तो संपादक होता. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या 'द न्यू रिपब्लिक' या राजकीय साप्ताहिकात लागला. साप्ताहिक १९१४ पासूनचं, खप मोठा नाही, पण सत्तेच्या वर्तुळात वजन मोठं. संपादकीय विभाग छोटा आणि बहुतेक जण विशी-तिशीतले. न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे त्याचे बनावट लेख जून १९९६ ते मे १९९८ या काळातले. सुरुवात एखाद्या रचलेल्या उद्गाराने झाली. मग एखादा प्रसंग, मग एखादं पात्र, आणि शेवटी शेवटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कल्पित लेख.

मराठी वृत्तपत्रांत जागेवर बसून लिहिलेल्या बातमीला 'टेबल न्यूज' म्हणतात. तिच्यात माहिती बहुधा खरी असते, फक्त वार्ताहर जागेवर गेलेला नसतो. ग्लासचं काम याच्या पलीकडचं होतं. तो जागा, माणसं, संस्था, कायदे सगळं निर्माण करायचा, आणि त्याच्या लेखांची चव नेमकी या निर्माण केलेल्या तपशिलांत असायची. विषय ठरवायच्या बैठकीत इतर जण खरे, म्हणून थोडे सपक विषय मांडायचे आणि ग्लास सगळ्यांना हसवणारा किस्सा सांगायचा. साहजिकच जागा त्याला मिळायची. त्या दोन वर्षांत जी पानं त्याने भरली ती दुसऱ्या कुणाची तरी होती. हा तोटा कुठल्याच हिशेबात आलेला नाही आणि आता तो मोजताही येणार नाही.

न्यू रिपब्लिकमध्ये तथ्यपडताळणी होत होती, त्यामुळे 'कुणी तपासलंच नाही' हे म्हणणं बरोबर नाही. पडताळणी करणारा नावांची स्पेलिंगं, तारखा, आकडे, कायद्यांची नावं उपलब्ध संदर्भांवरून तपासायचा. ज्याला बाहेरचा संदर्भ नाही, म्हणजे वार्ताहराने डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं, ते वार्ताहराच्या टिपणवहीशी ताडून पाहिलं जायचं. ग्लासने स्वतः हे काम केलेलं होतं. भोक कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. त्याने टिपणंच खोटी बनवली. भेटकार्डं छापली, संस्थेचं वार्तापत्र तयार केलं, टेलिफोनवर रेकॉर्ड केलेला आवाज ठेवला, आणि शेवटच्या लेखासाठी एक वेबसाइटसुद्धा. मजकुरात मुद्दाम एखाददुसरी फुटकळ चूकही सोडायचा. पडताळणी करणाऱ्याला ती सापडायची, त्याला आपलं काम चोख झाल्याचं समाधान मिळायचं आणि मोठं खोटं निसटून जायचं.

तक्रारी आल्या नाहीत असंही नाही. मार्च १९९७ मध्ये त्याने तरुण कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्त्यांच्या परिषदेवर लेख लिहिला. हॉटेलच्या खोलीत दारू पिऊन चाललेला किळसवाणा प्रकार त्यात होता आणि दारू खोलीतल्या मिनिबारमधली होती. परिषदेशी संबंधित पुढाऱ्याने कळवलं की त्या हॉटेलच्या खोल्यांत मिनिबार नाहीतच. संपादक मायकेल केली यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की मिनिबार नाहीत, पण छोटा फ्रिज भाड्याने मिळतो. झालं. 'मिनिबार' हा शब्द चुकला, बाकी सगळं बरोबर असणार, अशी समजूत करून घेतली गेली. खरं तर ती खोली, ती माणसं आणि तो प्रसंग, काहीच नव्हतं. तक्रारदार सहसा त्याला सिद्ध करता येईल असा सर्वांत छोटा तपशील पुढे करतो. संपादकाने तेवढ्याचंच उत्तर शोधलं की सबंध लेख सुटतो. अशा वेळी एक तपशील खोटा निघाला तर त्याच्या शेजारचे पाच तपशील उघडून पाहायचे असतात. एका ग्राहकहित संस्थेने ग्लासच्या दुसऱ्या लेखावर आक्षेप घेतला तेव्हा तर केली यांनी संस्थेकडूनच माफीची मागणी केली. आपल्या वार्ताहराच्या पाठीशी उभं राहणं हा चांगल्या संपादकाचा गुण, आणि ग्लासने तोच ढालीसारखा वापरला.

एक टेलिफोन लाइन

१८ मे १९९८ च्या अंकात 'हॅक हेवन' हा लेख आला. इयान रेस्टिल नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा ज्युक्ट मायक्रॉनिक्स या कॅलिफोर्नियातल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संगणकात घुसतो आणि कंपनी त्याला शिक्षा करण्याऐवजी नोकरी देऊ करते, मुलगा पैसे, गाडी आणि कॉमिक्स मागतो, असा मामला. 'फोर्ब्स'च्या इंटरनेट आवृत्तीतला वार्ताहर अॅडम पेनेनबर्ग याच क्षेत्रात काम करणारा. एवढी बातमी आपल्या हातून कशी सुटली, या चुटपुटीने त्याने शोध सुरू केला.

त्याने वापरलेल्या पायऱ्या आजही कुठल्याही तालुका वार्ताहराला वापरता येतील. वृत्तपत्रांच्या संग्रहात कंपनीचं नाव शोधलं, एकही उल्लेख नाही. राज्याच्या करखात्यात विचारलं, अशा कंपनीने कधी कर भरलेलाच नाही. सॉफ्टवेअर व्यवसायाच्या संघटनेला विचारलं, नाव ऐकलेलं नाही. लेखात नेवाडाच्या पोलिसांचा उल्लेख होता, तिथे कुणाला काही माहीत नव्हतं. लेखातला हॅकरांसंबंधीचा कायदा कुठल्याच राज्यात विचाराधीन नव्हता. ग्लासने दिलेला कंपनीचा फोन नंबर त्याने आणि एका सहकाऱ्याने एकाच वेळी फिरवला. एकाला रेकॉर्ड केलेला आवाज मिळाला आणि दुसऱ्याला एंगेज टोन. बडी म्हणवणारी सॉफ्टवेअर कंपनी आणि लाइन एकच! वेबसाइट पाहिली तर एका इंटरनेट सेवेच्या ग्राहकांना मिळणारं फुकटचं पान.

यातली एकही पायरी टिपणवहीतून जात नाही. सगळ्या बाहेरच्या, ग्लासचा हात न पोचणाऱ्या. तथ्यपडताळणीची व्यवस्था कुठे कमी पडली होती त्याचं उत्तर एवढंच आहे. वार्ताहराने दिलेला नंबर फिरवणं म्हणजे पडताळणी नव्हे, नंबर स्वतः शोधावा लागतो.

न्यू रिपब्लिकचे नवे संपादक चार्ल्स लेन यांनी पुढचं काम केलं. ग्लासला बरोबर घेऊन ते वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाला, हॅकरांची परिषद भरली होती म्हणे त्या इमारतीत गेले. परिषद रविवारी झाल्याचं ग्लास सांगत होता. इमारत रविवारी बंद असते, असं तिथे कळलं. परिषदेनंतर सगळे जेवले ते उपाहारगृह दुपारीच बंद होणारं निघालं. कंपनीचा अधिकारी म्हणून लेन यांच्याशी फोनवर जो बोलला, तो स्टॅनफर्डला शिकणारा ग्लासचा भाऊ होता. ग्लासला काढून टाकलं. साप्ताहिकाने त्याचे सगळे लेख तपासले आणि ४१ पैकी २७ लेखांत बनावट मजकूर सापडल्याचं वाचकांना सांगितलं.

एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. सप्टेंबर १९९७ पासून ग्लास संध्याकाळच्या वर्गांना बसून जॉर्जटाऊन विद्यापीठात कायदा शिकत होता. म्हणजे बनावट लेखांचा जोर वाढत होता, त्याच महिन्यांत तो कायद्याचाही अभ्यास करत होता. न्यायालयाने हा काळाचा मेळ नजरेआड केला नाही.

पकडल्यानंतर

प्रकरणाचा गाभा इथून पुढे आहे.

२७ हा आकडा साप्ताहिकाने शोधला. ग्लासने बसून, एकेक लेख पुढे घेऊन, ओळीवर बोट ठेवत तो सांगितला नव्हता. आणि तो फक्त न्यू रिपब्लिकचा होता. 'जॉर्ज', 'रोलिंग स्टोन', 'हार्पर्स', 'पॉलिसी रिव्ह्यू' यांतही त्याने लिहिलं होतं. 'जॉर्ज'मधल्या लेखात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे निकटवर्ती व्हर्नन जॉर्डन यांच्या चारित्र्यावर अनामिक सूत्रांच्या तोंडून शिंतोडे उडवलेले होते. ती सूत्रं नव्हतीच. 'रोलिंग स्टोन'मधला लेख शाळकरी मुलांना अमली पदार्थांपासून दूर ठेवण्याचा कार्यक्रम चालवणाऱ्या 'डेअर' या संस्थेवर होता. त्यावरून संस्था कोर्टात गेली. टॅक्सीचालकांवरच्या लेखात कृष्णवर्णीय कामगारांच्या कष्टाळूपणाविषयी विषारी चित्र रंगवलेलं होतं. इयान रेस्टिल नव्हताच, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. जॉर्डन होते, डेअरचे कार्यकर्ते होते, कृष्णवर्णीय टॅक्सीचालक होते.

ग्लासने २००० मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षाही दिली. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या वकील संघटनेकडे सनदेसाठी अर्ज केला. अमेरिकेत सनद मिळवण्यासाठी परीक्षेखेरीज नैतिक चारित्र्याचीही छाननी होते, आणि चारित्र्य चांगलं असल्याचं दाखवण्याचा भार अर्जदारावर असतो. अर्जात ग्लासने लिहिलं की बनावट मजकूर शोधण्यासाठी आपण मासिकांना सहकार्य केलं. ते वाढवून सांगितलेलं होतं. बनावट लेखांची जी यादी जोडली तीही अपुरी होती. गाळलेल्यांमध्ये खऱ्या माणसांना इजा पोचवू शकणारे लेख होते. २००४ मध्ये अर्ज नाकारला जाणार असल्याची कुणकुण लागल्यावर त्याने तो मागे घेतला.

मधल्या काळात, २००३ मध्ये, त्याची कादंबरी आली. तिचा नायक ग्लास याच नावाचा, खोट्या बातम्या लिहिणारा पत्रकार. पुस्तकाच्या निमित्ताने दूरचित्रवाणीवर मुलाखत झाली. दुखावलेल्या लोकांना त्याने माफीची पत्रंही पाठवली. ती १९९८ मध्ये गेली असती तर वाचणाऱ्याला काही मोल वाटलं असतं, पण ती गेली वर्षांनंतर, सनदेच्या अर्जाच्या सुमारास. न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं.

माफी ठोक भावात मागता येते. 'मी खोटं लिहिलं, मला क्षमा करा' हे वाक्य सगळ्यांना एकदम उद्देशून म्हणता येतं, आणि ते म्हणताना होणारी वेदना खरीही असते. खुलासा मात्र किरकोळीतच द्यावा लागतो. ही ओळ खोटी, हा माणूस नव्हता, या बाईंनी असं म्हटलं नव्हतं, हा आकडा मी रचला. ग्लासने ठोक माफी पुष्कळ वेळा मागितली. नगानगाचा हिशेब त्याने कॅलिफोर्नियाच्या चौकशीपर्यंत टाळला. आमच्या मते त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका टाळाटाळीने ठरवलं.

टाळाटाळ का होते, तेही समजून घ्यायला हवं. दावे लागण्याची भीती असते आणि 'लेखी काही कबूल करू नका' असा सल्ला मिळतो. त्याहून खोल कारण असं की माणूस बहुधा जेवढं सापडलं तेवढंच कबूल करतो. न सापडलेल्या लेखाबद्दल आपणहून बोलायचं म्हणजे पुन्हा एकदा, तेही स्वतःच्या हाताने, पकडलं जायचं. शिवाय लेख वाचून पाहावे लागतात. न्यायालयाच्या नोंदीनुसार ग्लासने आपले सगळे लेख आणि मासिकांनी छापलेले खुलासे समोर ठेवून पहिल्यांदा वाचले ते कॅलिफोर्नियातल्या प्रक्रियेत. तेव्हा आधी नाकारलेले किंवा न सांगितलेले बनावट भाग त्याने कबूल केले. एकंदर बनावट लेखांची संख्या न्यायालयाने ४० हून अधिक धरली.

न्यायालयात काय मोजलं गेलं

कॅलिफोर्नियाची परीक्षा तो २००६ मध्ये उत्तीर्ण झाला आणि २००७ मध्ये चारित्र्याच्या छाननीसाठी त्याने अर्ज केला. परीक्षक समितीने नकार दिला. २०१० मध्ये वकील संघटनेच्या न्यायपीठापुढे सुनावणी झाली. ग्लासच्या बाजूने २२ साक्षीदार उभे राहिले: प्राध्यापक, न्यायक्षेत्रातली माणसं, ज्यांच्याकडे तो काम करत होता ते वकील, मानसोपचार करणारे तज्ज्ञ. न्यू रिपब्लिकचे मालक मार्टिन पेरेट्झ यांनीसुद्धा त्याच्या बाजूने साक्ष दिली. निकाल ग्लासच्या बाजूने लागला. अपिलातही २ विरुद्ध १ असा त्याच्याच बाजूने लागला. मग प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २७ जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने एकमताने सनद नाकारली.

कसोटी अशी होती: ज्याचा अपराध एवढा गंभीर, त्याने दीर्घकाळ खरोखर अनुकरणीय वागणूक दाखवली पाहिजे. नुसतं 'त्यानंतर काही गैर केलं नाही' पुरत नाही. न्यायालयाने एकेक गोष्ट तराजूत टाकली. पश्चात्ताप म्हणजे सुधारणा नव्हे. कादंबरीतून पैसा आणि प्रसिद्धी ग्लासलाच मिळाली. मानसोपचारांचा लाभही मुख्यतः त्यालाच. गरजू अशिलांसाठी केलेलं विनामोबदला काम चांगलंच, पण वकिली करू पाहणाऱ्याकडून ते अपेक्षितच असतं. १९९८ ते २०१० या काळातली त्याची धडपड समाजाला काही परत देण्यापेक्षा स्वतःचं भलं साधण्याकडे झुकलेली दिसते, असं न्यायालयाचं म्हणणं. आणि सर्वांत जड ठरलं ते हे: २०१० च्या सुनावणीतही, न्यूयॉर्कच्या अर्जात आपण सहकार्य वाढवून सांगितलं होतं आणि यादी अपुरी दिली होती, हे तो सरळ कबूल करत नव्हता. शब्दांच्या कसरती करत राहिला.

पत्रकारितेतले अपराध पंचविशीतले होते. न्यूयॉर्कचा अर्ज तिशीतला, त्या अर्जाबद्दलची कसरत अडतिशीच्या आसपासची. पहिल्या खोट्याचं वय वाढत चाललं होतं आणि त्याला माफी मिळतही गेली असती, पण त्याबद्दलचा खुलासा अर्धवट देण्यातून दुसरं, ताजं खोटं तयार झालं आणि त्याला वयाची सवलत नव्हती.

निकालावर त्या वेळी बरीच टीका झाली. एका मुद्द्यावर आम्हीही न्यायालयाशी सहमत नाही. मानसोपचारांचा फायदा उपचार घेणाऱ्याला होतो हे उघड आहे, पण पुढे कुणाला काही परत द्यायचं तर आधी माणूस धड उभा राहायला हवा. वर्षानुवर्षं टिकवलेले उपचार हे निव्वळ स्वतःचं हित म्हणून बाजूला सारणं कठोर वाटतं. यादीबद्दल मात्र न्यायालयाचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटतं. वकिलाचं काम प्रतिज्ञापत्रांवर चालतं. जो आपल्याच अपराधाची यादी पुरी देत नाही, त्याच्या सहीच्या कागदावर न्यायाधीशाने विसंबायचं कसं?

तुलनेसाठी दोन प्रकरणं. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या जॅनेट कुक यांना आठ वर्षांच्या व्यसनी मुलाच्या कथित बातमीसाठी १३ एप्रिल १९८१ रोजी पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक जाहीर झालं आणि दोन दिवसांत परत करावं लागलं. १९ एप्रिलला पोस्टच्या लोकपालाने, म्हणजे वाचकांच्या तक्रारी तपासणाऱ्याने, कोण कुठे चुकलं त्याचं भलं मोठं निवेदन आपल्याच वृत्तपत्रात छापलं. आपला लबाड वार्ताहर जेसन ब्लेअर याच्या प्रकरणात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ११ मे २००३ रोजी, त्याने राष्ट्रीय बातमीदार म्हणून दिलेल्या ७३ बातम्यांपैकी किमान ३६ मध्ये गडबड असल्याचं सांगून तारीखवार दुरुस्त्या दिल्या. संस्थांनी ठरवलं तर नगानगाचा हिशेब दिवसांत, आठवड्यांत होतो.

हिशेब मांडायचा तर कसा

लबाडी वृत्तपत्रातच होते असं नाही. मराठीत परभाषेतली कथा नावं-गावं बदलून दिवाळी अंकात 'स्वतंत्र' म्हणून छापणं, 'आधारित' हा शब्द गाळणं, सहलेखकाचं नाव खाणं, शिष्याने बांधलेली चाल गुरूच्या नावाने वाजणं, हे सगळं याच जातीचं. नाव झाल्यावर, पुरस्कार मिळाल्यावर, कुणी पकडलेलं नसतानाही ज्याला ते टोचत राहतं, त्याच्यासाठी ग्लास प्रकरणातून निघणारा क्रम असा.

आधी नवं काम थांबवायचं. निदान त्याच प्रकारचं, त्याच पत्त्यावर जाणारं.

मग यादी. सहा रकाने आखा: कृती आणि प्रकाशनाची तारीख; नेमका मजकूर, पान आणि ओळ; त्यात खोटं किंवा उचललेलं काय; मूळ कुणाचं किंवा इजा कुणाला; कुणाला केव्हा कळवलं; काय दुरुस्त झालं. आठवणीवर लिहायचं नाही, छापील प्रत समोर ठेवायची. आठवण आपल्याला सोयीचं तेवढंच ठेवते. दिवसाला दोन लेख धरले तरी ४१ लेखांना तीन आठवडे पुरतात. ग्लासला ते करायला दहा वर्षांहून अधिक लागली, त्यामुळे अडचण वेळाची नव्हती. ज्याबद्दल खात्रीने आठवत नाही ती ओळही 'खात्री नाही' असं लिहून यादीत ठेवायची, गाळायची नाही. शेवटचे दोन रकाने वर्षभर रिकामे राहिले तरी चालतील, पण ते डोळ्यांसमोर असले पाहिजेत.

वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा, बदनामीचा किंवा स्वामित्वहक्काचा दावा लागू शकतो. पण वकिलाला विचारायचा प्रश्न 'सांगू की नको' हा नाही, 'सगळं सांगायचं आहे, कसं सांगू' हा आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी 'नको' असंच येतं.

कळवायचा क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी ज्याला इजा झाली किंवा ज्याचं उचललं तो माणूस. मग प्रकाशक किंवा संपादक. मग वाचक. आपल्या पश्चात्तापाची जाहीर कथा सर्वांत शेवटी, आणि तिचे पैसे घ्यायचे नाहीत. ग्लासने हा क्रम बऱ्याच अंशी उलटा केला. पत्रात स्वतःच्या बालपणाचं, दडपणाचं, आजाराचं वर्णन टाळावं. मिळणाऱ्याला एवढंच हवं असतं: काय खोटं होतं, ते तुम्ही स्पष्ट शब्दांत मान्य करता का, आणि दुरुस्तीसाठी काय करताय. उत्तराची अपेक्षा धरू नये, क्षमेची तर मुळीच नाही. दुसरं पत्र पाठवून 'माझं पत्र मिळालं का' असं विचारणं म्हणजे दुखावलेल्या माणसावर पुन्हा ओझं टाकणं.

पैसे परत करताना त्या कृतीचं मानधन, पुरस्काराची रक्कम, पुनर्मुद्रणाचं मानधन असं वेगवेगळं धरायचं. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवून लेखी द्यायचे. ज्याचं उचललं त्याचा वाटा त्याला, प्रकाशकाला नव्हे. पुरस्कार देणाऱ्या संस्थेला स्मृतिचिन्ह नुसतं पोस्टाने पाठवून भागत नाही, कारण लिहून द्यावं लागतं, नाहीतर त्यांच्या नोंदीत नाव तसंच राहतं.

संपादकांच्या बाजूने होणारी नेहमीची चूक म्हणजे लेख गुपचूप उडवणं. दुवा नाहीसा होतो, पण त्या लेखातलं खोटं इतरांनी उद्धृत केलेलं असतं ते फिरतच राहतं, आणि शोधणाऱ्याला खुलासा सापडत नाही. पान जागेवर ठेवून माथ्यावर, मजकुराच्या आधी, कोणता भाग का मागे घेतला ते लिहायला हवं. छापील अंकात खुलासा आतल्या पानाच्या कोपऱ्यात न देता, मूळ लेख जिथे आला होता त्या पानावर यावा. ग्रंथालयांतल्या बांधीव खंडांना हात लावता येत नाही. तिथे ते खोटं तसंच राहणार, हे मान्य करून चालावं लागतं.

निकालानंतर

सनद नाकारली गेली तेव्हा पैसे परत करून मिळवण्यासारखं ग्लासकडे काही उरलं नव्हतं. त्याने परतफेड केली ती त्यानंतर. हार्पर्सला गेलेला चेक हा त्याचाच भाग, आणि आपल्या बनावट लेखांपोटी वेगवेगळ्या मासिकांना मिळून सुमारे २ लाख डॉलर फेडत असल्याचं त्याने सांगितलं. न्यायालयाने जे मागितलं होतं, म्हणजे स्वतःचा फायदा नसताना इतरांना काही परत देणं, ते या चेकमध्ये होतं. २००२ मध्ये तसं झालं असतं तर निकाल वेगळा लागला असता, असं आम्हाला वाटतं.

२००४ पासून तो लॉस एंजेलिस परिसरातल्या, अपघातग्रस्तांचे दावे लढवणाऱ्या एका वकिली फर्ममध्ये काम करतो. तिथले अशील बहुधा जखमी, बेघर किंवा पैशाने पिचलेले. कुणाशी काय घडलं ते बारकाईने ऐकायचं, टिपून घ्यायचं, कागदांशी ताडायचं आणि ज्युरीपुढे मांडता येईल अशा क्रमाने लावायचं, हे त्याचं काम. नवा अशील आला की आपण कोण होतो आणि आपण काय केलं होतं, हे तो सुरुवातीलाच सांगतो. काही जणांना ते नाव माहीतही नसतं. मग अशील आपली हकिगत सांगू लागतो आणि ग्लास टिपणं काढतो. न्यायालयात ती हकिगत उभी करतो आणि कागदांवर वकील म्हणून सही करतो तो दुसराच कुणीतरी.